व्हिंटेज डिझायनर बॅग हातात घेतली की आधी आतला खिसा चाचपा

जुन्या डिझायनर वस्तूंच्या छोट्या बुटिकमध्ये शिरलं की पहिली नजर लोगोवर जाते, सगळ्यांचीच जाते, पण नक्कल करायला सगळ्यात सोपा तोच असतो म्हणून मी तरी लोगो सगळ्यात शेवटी बघते. आधी वास, मग अस्तर, मग चामडं, शिवण आणि धातू, आणि हे सगळं पास झालं तर मग शिक्का, नंबर वगैरे. वस्तू अस्सल आहे का हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ती अजून वापरण्यालायक आहे का हा त्याच्याही आधीचा, कारण अस्सल पण कुजलेली बॅग घरी आणून तुम्ही करणार काय?

तर वास. बॅग उघडायची आणि सरळ नाक आत घालायचं, लाजायचं नाही, मालक लोकांना सवय असते. डांबरगोळ्यांचा किंवा कपाटात पडून राहिल्याचा वास बहुतेक वेळा काही दिवस हवेशीर ठेवली की उतरतो. सिगारेटचा वास चिवट असतो, अस्तरात मुरलेला असेल तर महिनोन् महिने जात नाही. आणि ओलसर कुबट वास आला तर शिवणीच्या खोबणीत, खिशाच्या तळाशी पांढरट-करडे ठिपके शोधा, ती बुरशी, आणि ती शेजारच्या बॅगांनाही लागते. आतून परफ्यूमचा भपका आला तर मी जरा जास्तच सावध होते, कशावर तरी पांघरूण घातलेलं असू शकतं.

आता तो आतला खिसा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच बॅगांच्या आत, अगदी मोठमोठ्या ब्रँडच्यासुद्धा, खिशांना पॉलियुरेथेनसारख्या प्लास्टिकचा लेप असायचा आणि हा लेप हवेतली आर्द्रता शोषत शोषत वर्षानुवर्षं आतल्या आत मोडत जातो. वापरली नाही तरी मोडतो, उलट बंद डब्यात ठेवलेली कोरी बॅगसुद्धा आतून चिकट झालेली निघते. खिशाच्या कोपऱ्यात बोट दाबून दोन-तीन सेकंद तसंच धरा आणि मग उचला, बोट सुटताना टिक् असा बारीक आवाज आला किंवा कातडीला ओढ बसली तर लेप जायला लागलाय, आणि बोटावर काळे-पिवळे कपटे आले तर गेलेलाच आहे. याचा अर्थ बॅग नकली असा अजिबात नाही हं, फक्त अस्तर बदलायचा खर्च किमतीत धरायचा. चिकटपणावर टाल्कम पावडर मारून विकणारे पण असतात, म्हणून खिसा उलटा करून बघा, पावडर कोपऱ्यात साठलेली दिसते.

चामड्याची परीक्षा रुमालानं करा. पांढरा रुमाल किंवा टिश्यू घेऊन आतल्या कच्च्या कडेवर हलकेच घासायचा, तांबूस भुकटी आली तर जुन्या चामड्याला होणारा तो तांबडा रोग आहे, त्यातले धागेच तुटायला लागलेले असतात आणि त्यावर कुठलंही क्रीम चोळून उपयोग नाही, ती बॅग फार तर फडताळात शोभेला ठेवायची. नुसता कोरडेपणा असेल तर तो मात्र सुधारतो. बघायच्या खास जागा म्हणजे हँडल जिथे बॅगेला जोडलेलं असतं तो भाग, खालचे चार कोपरे आणि फ्लॅप जिथे वळतो ती रेघ. कोपऱ्याचा रंग गेलाय हे चालतं, पण कोपरा फाटून आतली दोरी बाहेर आली असेल तर मोठं काम आहे.

लुई व्हिटॉनच्या बॅगांना जे फिकट नैसर्गिक रंगाचं चामडं असतं, म्हणजे हँडल, कडेच्या पट्ट्या, त्याच्यावर फारशी प्रक्रिया केलेली नसते, त्यामुळे ऊन आणि हाताचा घाम लागून ते आधी मधासारखं आणि मग तपकिरी होत जातं. हँडल जिथे हात धरतो तिथे जास्त काळवंडतं. म्हणून कोणी म्हणालं ही चाळीस वर्षं जुनी आणि हँडल मात्र कोरं दुधाळ, तर एकतर हँडल नंतर बदललंय, किंवा बॅग तेवढी जुनी नाही, किंवा ती आयुष्यभर कपाटातच होती. तिन्ही शक्य आहेत, नुसतं विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका.

लुई व्हिटॉनचा मोनोग्राम, म्हणजे ती एल-व्ही अक्षरांची नक्षी, १८९६ सालची आणि जे कापड दिसतं ते चामडं नसून लेप दिलेलं कॅनव्हास आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अजून एक गंमत, स्पीडी नावाच्या त्यांच्या प्रसिद्ध बॅगेत कॅनव्हासचा एकच तुकडा तळाखालून दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे एका बाजूची अक्षरं उलटी दिसतात आणि लोक ती बघून "नकली, नकली" करत बॅग खाली ठेवतात, तर उलटी अक्षरं तिथे बरोबर आहेत. आतला डेटकोड साधारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून आला आणि २०२१ पासून त्याची जागा चिपनं घेतली, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बॅगेत तो नसणारच. आणि असला तरी तो बॅगेचा आधार नंबर नाही, कुठे आणि कधी बनली एवढंच सांगतो, एकच कोड कितीतरी बॅगांवर असतो आणि नकली माल बनवणारेही तो छापतातच.

शनेलचं पण तसंच. त्यांची २.५५ बॅग फेब्रुवारी १९५५ मध्ये आली, नावच त्यावरून पडलं, आणि तिचं मूळ कुलूप साधं आयताकृती फिरकीचं होतं. एकमेकांत अडकलेल्या दोन सीचं कुलूप नंतरचं, १९८३ मध्ये डिझायनर कार्ल लागरफेल्ड आल्यानंतरचं. तेव्हा दोन सीचं कुलूप लावलेली क्विल्टेड, म्हणजे गादीसारखी चौकटी शिवण असलेली बॅग कोणी साठच्या दशकातली म्हणून दाखवत असेल तर तिथेच गणित चुकतंय. त्या दोन सीमध्ये वरच्या बाजूला उजवा सी डाव्याच्या वरून जातो आणि खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून, फोटोत हे पटकन कळत नाही पण हातात घेतल्यावर कळतं. मागचा खिसा असेल तर क्विल्टिंगची चौकट खिशावरून बॅगेवर सलग जुळली पाहिजे. हल्ली नकलीतही हे जुळवतात, पण जुळलेलीच नसेल तर पुढे बघायची गरज नाही. झिपवर वायकेके या झिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नका, चांगल्या चांगल्या ब्रँडनी त्या झिप वापरल्यात.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं सरळ मत, जुनी कोच बघा. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी, १९६२ मध्ये बॉनी कॅशिन ही डिझायनर आली आणि तिनं ते फिरवून बंद करायचं पितळी कुलूप आणलं. त्या काळच्या बऱ्याच बॅगा जाड, हातमोज्याच्या चामड्यासारख्या मऊ कमावलेल्या चामड्याच्या आणि आतून अस्तरच नसलेल्या, म्हणजे चिकट व्हायला काही नाहीच. पितळ खरं जड लागतं, लोहचुंबकाला चिकटत नाही (खिशात छोटं चुंबक ठेवाच) आणि घासलं की परत चमकतं. नाव कमी झगमगीत असेल पण रोज वापरता येते. एर्मेसच्या बर्किन आणि केली या महागड्या बॅगा छोट्या बुटिकमध्ये स्वस्तात मिळाल्या असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

एर्मेसचं काही हवंच असेल तर स्कार्फ बघा. त्यांचा चौकोनी रेशमी स्कार्फ १९३७ पासूनचा, नेहमीचा आकार ९० सेंटीमीटर. याच्या कडा हातानं वळलेल्या असतात, आणि वळण पुढच्या म्हणजे छापील चांगल्या बाजूला येतं, गोल गुबगुबीत, टाके जवळून पाहिले तर किंचित कमी-जास्त अंतराचे. मशीनची सपाट कड किंवा मागच्या बाजूला वळलेली कड दिसली तर शंका घ्या. कोणीतरी इस्त्री फिरवून कड चपटी केलेली असते कधीकधी, तो स्कार्फ अस्सलच असतो, फक्त त्याचा तो फुगीरपणा गेला, आणि त्यावर किंमत कमी करून मागायला हरकत नाही. मग स्कार्फ पूर्ण उघडून उजेडासमोर धरा. घड्यांच्या रेषांवर बघायचं, जुनं रेशीम घडीवरच आधी विरतं. परफ्यूमचे पिवळट डाग मानेजवळच्या भागात असतात आणि ते सहसा निघत नाहीत. रेशीम आहे का बघायला धागा जाळायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, तो कृपया दुसऱ्याच्या दुकानात अमलात आणू नका.

खोट्या दागिन्यांचा ट्रे हा मात्र अशा बुटिकमधला माझा सगळ्यात आवडता कोपरा, कारण इथे अजूनही माहिती असणाऱ्याचा फायदा होतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ब्रोच उलटा करा, पुढून बघण्यापेक्षा मागून बघण्यात जास्त कळतं. ट्रायफारी या खोट्या दागिन्यांच्या अमेरिकन ब्रँडच्या दागिन्यांवर नावासोबत कॉपीराइटचं गोल सी असेल तर तो १९५५ नंतरचा धरतात, कारण त्या वर्षी कोर्टानं खोट्या दागिन्यांच्या डिझाइनलाही कॉपीराइट मिळतो असं मान्य केलं. दुसऱ्या महायुद्धात साधे धातू युद्धाच्या कामाला लागले म्हणून त्या काळातले काही पीस चक्क स्टर्लिंग चांदीत बनले आणि मागे तसा शिक्का आहे, दुकानदाराचं लक्ष नसेल तर तुमचं असू दे. देशाच्या नावाचा शिक्का तर लोगोपेक्षा प्रामाणिक. "वेस्ट जर्मनी" म्हणजे १९४९ ते १९९० मधला, "ऑक्युपाइड जपान" म्हणजे युद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा, "चेकोस्लोव्हाकिया" म्हणजे १९१८ च्या आधीचा असूच शकत नाही. कानातल्यांना क्लिप असेल तर ती साधारण १९३० च्या दशकापासूनची पद्धत, स्क्रूचे त्याच्याही आधीपासून आहेत. ब्रोचच्या पिनेला कुलूप नसून नुसता सी आकाराचा आकडा असेल तर बहुधा जुना नमुना.

खडे बघा. खोट्या खड्यांच्या पाठीला चकाकणारा पातळ वर्ख असतो आणि त्यात पाणी किंवा दमट हवा शिरली की खडा आंधळा होतो, राखाडी-पिवळा, मागे दिवा विझल्यासारखा. एखाददुसरा आंधळा खडा बदलता येतो, अर्धा ब्रोच आंधळा असेल तर सोडा. म्हणूनच असे दागिने पाण्यात बुडवून धुवायचे नाहीत, कोरड्या मऊ ब्रशनं फक्त. कोंदणाभोवती हिरवट थर दिसला तर तांब्याचा गंज आहे, थोडा असेल तर काडीला कापूस गुंडाळून साफ होतो, पण तो खाली खात गेलेला असेल तर मुलामाही जातो आणि डब्यात इतर दागिन्यांपासून असा दागिना लांबच ठेवावा. खोट्या मोत्यांचं भोकाजवळ बघा, रंगाचा पापुद्रा तिथेच आधी सुटतो. बेकेलाइटच्या बांगड्या म्हणून जे विकतात त्यावर अंगठा जोरजोरात घासा, गरम झालं की तिखट औषधी वास येतो, १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक असंच वास मारतं. गरम सुई टोचून बघायचा जो जुना उपाय सांगतात तो अजिबात नको, कारण तेच जर सेल्युलॉइड निघालं तर ते भस्सकन पेटतं.

गॉगलचं थोडक्यात, जुन्या रे-बॅनच्या काचेवर कडेला बारीक कोरलेलं बीएल बघा, ती बॉश अँड लॉम्बची खूण, १९९९ मध्ये त्यांनी ब्रँड लक्झॉटिकाला विकला. मगर, अजगर यांच्या कातडीच्या वस्तू असतील तर साइट्स नावाचा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे, सीमेपलीकडे नेताना कागद लागू शकतात, आधी विचारून घ्या. खऱ्या कासवाच्या पाठीचे कंगवे, फ्रेम असतील तर मी हातच लावत नाही.

आता मालकाशी बोलायचं कसं. छोट्या बुटिकमध्ये समोर उभा असतो त्यानंच बहुतेक वेळा ती वस्तू निवडून आणलेली असते, हाच मोठ्या साइटपेक्षा फायदा, मग तो वापरा की. ही तुमची स्वतःची खरेदी आहे की कोणी विकायला ठेवलीये हे विचारा, दुसऱ्याची असेल तर किंमत कमी करायला त्याला मूळ मालकाला विचारावं लागतं, लगेच उत्तर येणार नाही. काय काय बदललंय, पट्टा, झिप, अस्तर, रंग, हे मोकळेपणानं विचारा. "अस्सल आहे ना?" विचारलं तर उत्तर "हो"च येणार, त्यापेक्षा "तुम्ही कशावरून ठरवलंत?" विचारा, जाणकार माणूस खूश होऊन दहा मिनिटं बोलतो आणि तुमचं फुकट शिक्षण होतं, बाकीचे विषय बदलतात. घासाघीस करताना उगाच वस्तूला नावं ठेवू नका, दिसलेले दोष शांतपणे एकेक दाखवा आणि दुरुस्तीचा खर्च धरून आकडा सांगा. नाही पटलं तरी काय शोधताय ते सांगून नंबर ठेवून या, चांगला माल बाहेर मांडायच्या आधीच अशा लोकांना फोन जातो.

बिलावर ब्रँडचं नाव, वस्तूचं वर्णन आणि अस्सल असल्याचं लिहून घ्याच, आणि बाहेरच्या तज्ज्ञानं नकली ठरवलं तर किती दिवसांत पैसे परत तेही. तोंडी आश्वासन गोड असतं. दुकानातच शिक्का, नंबर, कुलूप आणि आतल्या टॅगचे फोटो काढा.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती पिशवीत ठेवा, आत कोरा कागद भरा, वर्तमानपत्र नको, शाई लागते. धातूची साखळी चामड्यावर टेकून राहिली तर कायमचा वळ उठतो म्हणून ती कापडात गुंडाळून आत टाका. पट्टा वगैरे बदलून घेतलात तर जुने भाग आणि स्क्रू फेकू नका, पुढे विकायची वेळ आली तर ते असणं आणि नसणं यात फरक पडतो. आणि जड ब्रोच पातळ कपड्यावर लावताना आतून जाड कापडाची छोटी चकती धरून तिच्यातून पिन काढा, नाहीतर ब्रोच मान टाकतो आणि कपडाही फाटतो.