आपलंच मत तपासायचं कसं? द्राक्षबागेतल्या टॉनिकपासून कृष्णेच्या पुरापर्यंत

चुकीच्या मतालाही पुरावे असतात, म्हणून तर ते वर्षानुवर्षं टिकतं. जुळणारी गोष्ट आपण लगेच टिपतो, न जुळणारी नजरेआड होते. मानसशास्त्रात याला पुष्टीकरण पूर्वग्रह म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ: ‘अमुक टॉनिक मारलं की मणी फुगतो.’

आधी घरात करून पाहा

पीटर वेसन यांनी 1960 मध्ये लंडनमधून प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. 2-4-6 हे आकडे एका नियमात बसतात, तो समोरच्याने ओळखायचा. त्याने स्वतःचे तीन-तीन आकडे सांगायचे, तुम्ही फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ म्हणायचं. बहुतेक जण 8-10-12, 20-22-24 असं विचारत राहतात, दर वेळी होकार मिळतो आणि ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असं छातीठोकपणे सांगतात. खरा नियम असतो: चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे. वेसन यांच्या 29 जणांपैकी फक्त 6 जणांचं पहिलंच उत्तर बरोबर आलं. स्वतःचाच अंदाज मोडायला 1-2-7 विचारलं, की तो लगेच उघडा पडतो. पुढचं सगळं याच सवयीसाठी आहे.

पायरी 1: मत खोटं ठरू शकेल असं लिहा

‘टॉनिक चांगलं आहे’ हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. वहीत लिहा: ‘काढणीला, टॉनिक मारलेल्या ओळींतला मणी न मारलेल्यांपेक्षा सरासरी किमान 1 मिलिमीटर जाड भरेल.’ त्याखाली आजची खात्री (समजा 100 पैकी 80) आणि काय दिसलं तर ती कमी करणार, तेही लिहा. तारीख घाला. अट निकालानंतर ठरवली, तर मन ती निकालाला जुळवूनच ठरवतं.

पायरी 2: चारही घरं भरा

मारलं आणि फुगला. मारलं आणि फुगला नाही. न मारताच फुगला. मारलं नाही, फुगलाही नाही. गप्पांत पहिलंच घर येतं. समजा, टॉनिक मारलेल्या 30 बागांपैकी 21 फुगल्या. आकडा भारी वाटतो. पण न मारलेल्या 10 पैकी 7 फुगल्या असतील, तर दोन्हीकडे 70 टक्केच, म्हणजे टॉनिकचा फरक शून्य. तिसरं घर कोणी मोजत नाही, आणि सगळा निकाल त्याच्यावर असतो.

पायरी 3: बागेत चाचणी लावा

इथे घाई केली तर हंगाम वाया जातो. ब्लोअरचा (फवारणी यंत्राचा) फवारा शेजारच्या ओळीवर उडतो, म्हणून एकाआड एक ओळ चालत नाही. तीन-तीन ओळींचे आठ पट्टे करा. चारांवर टॉनिक, चारांवर नुसतं पाणी. कोणत्या पट्ट्याला काय, हे नाणं उडवून ठरवा, नाहीतर हात आपोआप चांगल्या वेलींकडे जातो. मोजायची फक्त मधली ओळ. बांधाकडेच्या ओळी घेऊ नका, तिथे ऊन-वारा वेगळा असतो. छाटणीची तारीख, जीएची (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाची) मात्रा, पाणी आणि वेलीवरचे घड सगळीकडे सारखे ठेवा; घड कमी राखले की मणी तसाही जाड होतो आणि श्रेय टॉनिकला जातं.

प्रत्येक मधल्या ओळीतून 10 वेली, वेलीमागे 2 घड, घडातले 10 मणी कॅलिपरने मोजा. मोजणाऱ्याला कोणत्या ओळीला काय मारलंय हे माहीत नसावं. ओळींना नुसते क्रमांक द्या आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. माहीत असेल तर प्रामाणिक माणसाचाही हात मोठ्या मण्याकडे वळतो.

पायरी 4: सबबींना चाळणी लावा

निकाल विरुद्ध आला की ‘यंदा थंडीच जास्त होती’ असं सुचतं. थंडी दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर सारखीच पडली होती! प्रत्येक सबबीला एकच प्रश्न विचारा: निकाल माझ्या बाजूने आला असता, तर हीच हरकत मी घेतली असती का? खात्री 80 वरून 55 वर आली तरी तपासणी सफल झाली. मत पूर्ण उलटायलाच हवं असं नाही.

पायरी 5: प्रश्न उलटा विचारा

दुकानात ‘हे चांगलं आहे ना?’ विचारलं की होच येणार. ज्यांनी ते वापरणं सोडलं अशा बागायतदारांना शोधा आणि का सोडलं ते विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फुगलेल्या घडांचेच फोटो येतात. ज्याचं फसलं तो गप्प बसतो.

प्रयोग करता येत नसेल तेव्हा

‘कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळेच सांगलीत पूर येतो’ किंवा ‘अलमट्टीचा काहीच संबंध नाही’, मत कोणतंही असो, नदीवर प्रयोग होत नाही. नोंदी मात्र असतात. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांची इशारा पातळी कधी ओलांडून गेलं आणि त्या वेळी अलमट्टीत पातळी किती होती, हे मांडा. 2005, 2019, 2021 ही पुराची वर्षं सर्वांना पाठ असतात. धरण 519.60 मीटरपर्यंत भरलं पण सांगलीत पूर नाही, आणि पूर आला तेव्हा धरण भरलेलं नव्हतं, अशा तारखाही शोधा. शेजारी कोयना-वारणा पाणलोटातला पाऊस आणि कोयनेचा विसर्ग लिहा. त्याशिवाय तक्ता एकांगीच राहील.

एक सावधगिरी मात्र पाळाच. डाऊनी म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीनाशकावर अशी चाचणी लावू नका. न फवारलेल्या ओळीतून रोग शेजारी पसरतो. डॉक्टरांनी दिलेलं औषधही तपासणीसाठी बंद करायचं नाही, शंका त्यांनाच विचारायची.