व्हिसा नाकारला? आधी आकड्यांचा मेळ घाला

इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला, की चिकोडी-निपाणीकडे पहिला सल्ला ठरलेला: खात्यावर चार पैसे जास्त दाखवा. नका दाखवू. पाव्हण्यांकडून उसने घेतलेले 3 लाख अर्जाच्या आदल्या आठवड्यात जमा झाले, तर ते आले कुठून हा प्रश्न उठणारच.

नकाराचं पत्र ओळ न् ओळ वाचा. पुष्कळदा अर्ज आणि पासबुक यांचा मेळ नसतो. अर्जात महिना 60,000 उत्पन्न, आणि खात्यावर कारखान्याचं ऊसबिल वर्षातून दोनदाच! आपल्याकडे यात नवल नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्याला ऊसबिल काय ठाऊक? वर्षाची बिलं एकत्र करा, लागवड-खताचा खर्च वजा करा, बाराने भागा. तोच आकडा अर्जात, तोच सोबतच्या पत्रात. बिलं जोडा आणि स्टेटमेंटमध्ये त्या त्या जमेवर खूण करा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरत असाल, तर तिथलं उत्पन्नही याच्याशी जुळायला हवं.

पहाणी उतारा, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा सातबारा, कन्नडमध्ये असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर लावा. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याची ग्वाही हवी. तिकीट मुलगा काढणार असेल, तर त्याच्या पगाराचे कागद जोडा.

आधीचा नकार लपवू नका. लपवाछपवी उघडी पडली तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते. जुना आकडा बदलत असाल, तर का, ते दोन ओळींत लिहा. जुना अर्ज त्यांच्याकडं असतोच.