घरातल्या आठवणी लिहून ठेवताना

बालपण लिहायला बसलेला माणूस बहुधा गावच्या निसर्गापासून सुरुवात करतो आणि दुसऱ्या परिच्छेदाशी अडतो. त्याऐवजी घरात हातांनी होत असे असे एखादे काम निवडावे, कारण कामाला क्रम असतो आणि त्या क्रमाबरोबर माणसे, भांडी, वास, बोलणी आपोआप येत जातात.

माझी सुरुवात रातांब्यांपासून, म्हणजे कोकमाच्या फळांपासून झाली. आजीला लहानपणाविषयी विचारले की ती ‘काय सांगूचा ता?’ म्हणून विषय संपवी. एका मे महिन्यात मी तिच्यासमोर रातांब्यांची टोपली ठेवली आणि ‘सोलां कशी करायची, दाखव’ एवढेच म्हटले. तिने फळ फोडून बिया आणि गर पातेल्यात काढला, त्यात मीठ घातले, साली वेगळ्या केल्या आणि त्या रसात बुडवून खळ्यात उन्हात पसरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी रसाची पुटे चढत साली काळपट होईपर्यंत, मिरगाच्या आत सारे आटोपण्याच्या घाईत, ती आपल्या माहेरच्या खळ्याबद्दल, तिथल्या चुलत्यांबद्दल आणि एका बुडालेल्या होडीबद्दल बोलत राहिली. म्हणून वडीलधाऱ्यांना आठवणी विचारू नयेत; काम विचारावे आणि शेजारी बसून आपणही हात लाल करून घ्यावेत.

त्यांचे शब्द तसेच लिहावेत. ‘सोलां’चे आमसूल केले, ‘मिरगा’चे मृग नक्षत्र केले, की वाक्य शुद्ध होते पण आजी त्यातून निघून जाते. अर्थ हवा असल्यास तो समासात द्यावा.

साल कोणालाच आठवत नाही, तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेचा आधार घ्यावा. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. ‘मावशी आंब्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून नेत असे की रेल्वेने?’ या एका प्रश्नाने काळ बराचसा नक्की होतो.

पावसाळ्यात आपल्याकडे वह्यांना बुरशी धरते, त्यामुळे प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा.

लिहिताना केवळ उजवे पान वापरावे आणि डावे भावंडांसाठी कोरे सोडावे. मी माझे पान धाकट्या भावाला वाचून दाखवले, तेव्हा त्याने त्या खळ्यातला एक अवकाळी पाऊस सांगितला, ज्यात आजी भिजत धावली होती आणि आम्ही दोघे पडवीत नुसते उभे होतो. मला तो अजिबात आठवत नव्हता. तो आता डाव्या पानावर, त्याच्याच अक्षरात आहे.