डेक्कन क्वीनचा निळा नेमका कुठला? एचओ डबे रंगवायला घेण्याआधी

एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापाची मॉडेल रेल्वे, त्यात डेक्कन क्वीन करणार असाल तर रंगाची बाटली उघडायच्या आधी साल ठरवा. दोन डबे वाया घालवून हे शिकलोय म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. "मला डेक्कन क्वीन करायचीय" एवढ्याने भागत नाही, कारण त्या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या दिसणाऱ्या गाड्या धावून गेल्यात. १ जून १९३० ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ती सुरू केली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक (म्हणजे डब्यांचे पूर्ण संच) होते, एक चंदेरी आणि त्यावर लालभडक मोल्डिंग (उठावाच्या पट्ट्या), दुसरा रॉयल ब्लू आणि त्यावर सोनेरी रेघा. अंडरफ्रेम (डब्याखालच्या चौकटी) इंग्लंडहून आलेल्या आणि वरचे सांगाडे आपल्या माटुंगा वर्कशॉपात बांधलेले. मग १९६६ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफचे (इंटिग्रल कोच फॅक्टरीचे) स्टीलचे डबे आले, साताचे बारा झाले. पुढे आमच्या पिढीच्या डोळ्यांत बसलेली ती निळी, पांढरट क्रीम आणि लाल रेघवाली. आणि २०२२ ला एलएचबी (जर्मन रचनेचे नवे डबे) आले ते हिरवे-लाल. आता बोला, यातली कुठली?

साल पक्कं झालं की अक्षरंही त्यालाच बांधली जातात, रंग बरोबर आणि अक्षरं चूक असं झालं तर बघणारा आधी चूकच बघतो. मध्य रेल्वे हे नाव ५ नोव्हेंबर १९५१ पासूनचं, त्याआधी जीआयपी. या गाडीला तिसरा वर्ग लागला जून १९५५ मध्ये आणि एप्रिल १९७४ पासून त्याचा सेकंड क्लास झाला, म्हणजे थर्ड क्लास लिहिलेला डबा फक्त त्या मधल्या एकोणीस वर्षांत शोभतो. मी एका लेआउटवर (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर) १९३० चा चंदेरी रेक बघितलाय, रंगकाम असं की हात जोडावेत, आणि डब्यावर झोकात 'मध्य रेल्वे'. नंतर तिकडे बघवेना.

बरं, साल ठरलं, मग आपण फोटो शोधतो आणि इथेच खरी गंमत होते. १९३० च्या आसपास ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म अजून सर्रास वापरात होती, तिला लाल रंग दिसतच नाही. लाल जवळपास काळा येतो आणि निळा उलट फिकट, पांढुरका. म्हणजे तुमचा रॉयल ब्लू रेक फोटोत फिका पडतो, त्यावरची सोनेरी रेघ त्याच्यापेक्षा गडद दिसू शकते, आणि तुम्ही खुशाल समजता की हा चंदेरी रेक आणि ही लाल मोल्डिंग! मी पण समजलो होतो. यावर एक सोपी युक्ती आहे, त्याच फोटोत सिग्नल शोधा. होम सिग्नलचा (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलचा) हात लाल आणि त्यावर पांढरा पट्टा हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तो हात जर डांबरासारखा काळा आला असेल आणि आकाश कोरं पांढरं असेल तर फिल्म ऑर्थो असण्याची शक्यता दाट, मग त्या फोटोवरून फक्त रेघा कुठून कुठे गेल्यात ते घ्या, रंगाची छटा घेऊ नका.

रंगीत फोटोवरही लगेच विश्वास टाकू नका. घरच्या अल्बममधले सत्तरच्या दशकातले प्रिंट काढून बघा, सगळ्यांचे चेहरे लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर डाय आधी उडतो. त्यात दिसणारा डबा होता त्यापेक्षा लाल दिसतो, आणि निळा असला तर जांभळट. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) स्लाइड अंधारात नीट ठेवलेली असेल तर ती त्यातल्या त्यात भरवशाची. शिवाय स्कॅन करणाऱ्याने 'ऑटो' दाबलेलं असतं ते वेगळंच. म्हणून मी फोटोत नेहमी एखादी ओळखीची वस्तू बघतो, पांढरा शर्ट, काँक्रीटचा प्लॅटफॉर्म असं काहीतरी, ते पांढरं किंवा करडं दिसतंय का ते आधी तपासायचं, मग डबा.

आठवणींचं काय सांगू. माझ्या शेजारचे काका तीस वर्षं पासहोल्डर. पहिला निळा डबा मी रात्री अकराला ट्यूबलाइटखाली मिसळून रंगवला, फार खूश होतो, सकाळी खिडकीत ठेवला आणि काका चहाला आले ते दारातूनच म्हणाले, "अरे, हा वांग्याचा रंग कुठून आणलास?" खरंच जांभळा दिसत होता. मग म्हटलं काका तुम्ही सांगा कसा होता, तर म्हणाले शाईसारखा, मग म्हणाले नाही जरा हिरवट, आणि मग गाडी जी डायनिंग कारच्या टोस्ट-ऑम्लेटवर गेली ती परत रंगावर आलीच नाही. माणसाला चव आठवते, छटा नाही आठवत.

चूक अर्थात काकांची नव्हती, दिव्याची होती. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात नाही, त्यामुळे रंग जुळवायचा तो दिवसा, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, ऊन थेट येत नाही अशा जागी. आणि मग तुमचं लेआउट ज्या दिव्याखाली आहे तिथे एकदा बघायचा, कारण शेवटी तो डबा तिथेच राहणार आहे. दोन्हीकडे चालला तर घ्यायचा.

रंगाच्या कोडबद्दल विचारणारे खूप असतात. भारतात रंगांसाठी आयएस ५ हे स्टँडर्ड आहे, त्यात प्रत्येक छटेला तीन आकडी नंबर असतो, सिग्नल रेड ५३७, लाइट ग्रे ६३१ असे. त्याचं शेड कार्ड हाताशी असलं की बोलायला एक भाषा मिळते, एवढा उपयोग नक्की. पण तो नंबर जसाच्या तसा १:८७ च्या डब्यावर मारलात तर डबा खेळण्यासारखा दिसणार. आयसीएफचा खरा डबा २१.३ मीटर लांब, तो आपल्याकडे जेमतेम २४५ मिलिमीटरचा होतो. दोन फुटांवरून तो बघणं म्हणजे खरा डबा पन्नास मीटरवरून बघणं, आणि तेवढ्या लांबून मधल्या हवेमुळे रंग थोडा फिका, थोडा करडा दिसतो. म्हणून रंग थोडा फिका करायचा. माझं माप असं, दहा थेंब रंगाला एक थेंब हलका करडा किंवा क्रीम. निळ्यात शुद्ध पांढरा घालू नका, खडूसारखा होतो. लालात तर अजिबात नको, गुलाबी होईल, तिथे चिमूटभर केशरी. आणि अंडरफ्रेम, बोगी (म्हणजे चाकांची, लोक आख्ख्या डब्याला बोगी म्हणतात ते सोडा) यांना काळा म्हणून काळा कधीच नाही, गडद राखाडी.

चंदेरी रेक करणाऱ्यांनो, तुमचं दुखणं वेगळं आहे. बाजारातल्या सिल्व्हर स्प्रेमधले कण आपल्या स्केलला इतके मोठे पडतात की डबा दिवाळीच्या चमकीसारखा चमचमतो. त्यापेक्षा फिकट करड्याचा बेस मारा आणि त्यात अगदी बारीक पिगमेंटवाला अॅल्युमिनियम जेमतेम जाणवेल इतका मिसळा. धातूची चकाकी कमी झाली तरी चालेल, पत्र्याला रंग दिलाय असं वाटलं पाहिजे.

चाचणी थेट डब्यावर करायची नाही. आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे धुऊन ठेवा, पाठीला थोडा बाक असल्यामुळे उजेड कसा फिरतो ते पण कळतं. प्रायमर तोच मारायचा जो डब्याला मारणार, कारण करड्या प्रायमरवर लाल मळकट येतो आणि पांढऱ्यावर खुलतो. निळा आणि क्रीम वेगवेगळ्या चमच्यांवर तपासू नका, एकाच चमच्यावर शेजारी-शेजारी मारा, निळ्याशेजारी तोच क्रीम जास्त पिवळा वाटायला लागतो.

मारायचा क्रम फिकट आधी, गडद नंतर. क्रीम मारला, पूर्ण एक दिवस वाळू दिला, मग टेप. टेपची कड नखाने नाही, टूथपिकच्या बोथट टोकाने दाबायची, विशेषतः खिडक्यांच्या चौकटीपाशी. मग टेपच्या कडेवर परत क्रीमचाच एक हलका हात, म्हणजे जी काही फट असेल ती क्रीमने बुजते आणि निळा आत शिरत नाही. हे एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. एअरब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा, प्रेशर १५ ते २० पीएसआय, पातळ थर तीन-चार. टेप शेवटचा थर पुरता कडक व्हायच्या आधी काढा, कडेला दुमडून, वर ओढून नाही. आणि मुंबई-ठाण्याकडचे असाल तर जुलैत लॅकर स्प्रेच्या वाटेला जाऊ नका, दमट हवेने त्यावर पांढरी साय धरते, गणपतीनंतर बघू म्हणायचं.

रेघांचं गणित करूनच घ्या. खऱ्या डब्यावर ५० मिलिमीटरचा पट्टा असेल तर आपल्याकडे ०.५७, हे डिकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पट्टीने) छान होतं. पण बारीक सोनेरी रेघ, समजा १२ मिलिमीटरची, ती होते ०.१४, हाताने अशक्य आणि मारली तरी दिसणार नाही. पाव मिलिमीटरवर थांबा, खोटं आहे पण डोळ्याला खरं वाटतं. त्यासाठी इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या जुन्या कंपासपेटीतला रूलिंग पेन शोधा, त्यात इनॅमल थोडं दाट भरायचं. सोनेरीत एक थेंब तपकिरी घाला नाहीतर लग्नपत्रिका होते.

डिकल लावायच्या आधी ग्लॉस वार्निश, नंतर वरून सॅटिन. पूर्ण मॅट करू नका, ही राणी आहे, रोज धुतली-पुसली जाणारी.

मळ मात्र पाहिजेच. कर्जत-लोणावळ्याच्या मधे ३७ ला १ चा चढ, तो उतरताना ब्रेक घासून बीडाच्या ब्लॉकची जी पूड उडायची ती गंजकट तपकिरी, आणि ती बसायची बोगीवर, पायऱ्यांवर, डब्याच्या खालच्या कडेला. खिडक्यांच्या वर ती जायची नाही. टपावर वेगळी, करडी धूळ. ड्रायब्रश करताना (जवळपास कोरड्या ब्रशने रंग घासताना) खालून वर जात थांबायचं, दरवाजाच्या दांड्या मात्र हात लागून लागून चकचकीत, त्या पुसून घ्या.

उरलेला रंग टाकू नका. छोट्या औषधाच्या बाटलीत भरा, वर नंबर घालून चिठ्ठी लावा, किती थेंब काय, आणि त्या चमच्यालाही तोच नंबर. पुढच्या वर्षी पोरगं डबा जिन्यावरून पाडणार आणि तुम्हाला एका कोपऱ्यापुरता तोच निळा लागणार आहे.