फाशीतील विलंबावरचा निकाल कसा वाचावा

‘फाशी रद्द’ एवढाच मथळा वाचून आरोपी सुटला असा समज करून घेण्याआधी मूळ निकालपत्र उघडावे आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. त्या टप्प्यावर पुरावा नव्याने तपासला जातो. रिट याचिकेत, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जात, मात्र गुन्ह्याचा प्रश्न मिटलेला असतो आणि वाद असतो तो शिक्षेच्या अंमलबजावणीचा. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीवरील बलात्कार व खुनाच्या २००७ मधील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी दिलेला निकाल या दुसऱ्या प्रकारचा आहे.

‘क्रूर शिक्षा’ असे शब्द आपल्या संविधानात शोधत बसू नये. विलंबामुळे फाशी क्रूर ठरते, हा युक्तिवाद अनुच्छेद २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून येतो: दयेच्या अर्जावर सरकारने अवाजवी विलंब लावला, तर मृत्यूच्या छायेत काढलेला तो काळ हीच वेगळी यातना ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात मानले.

यानंतर कागद घेऊन तारखा एकाखाली एक मांडाव्यात. सगळे मर्म इथेच आहे. पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपील ८ मे २०१५ रोजी फेटाळले. दयेचा अर्ज राज्यपालांनी मार्च २०१६ मध्ये आणि राष्ट्रपतींनी २६ मे २०१७ रोजी नाकारला. फाशीचे वॉरंट (अंमलबजावणीचा न्यायालयीन हुकूम) निघाले १० एप्रिल २०१९ रोजी, २४ जूनच्या फाशीसाठी. दोन तारखांमधील अंतर समासात लिहिले की राष्ट्रपतींच्या नकारानंतरची जवळजवळ दोन वर्षे डोळ्यांत खुपतात, कारण तेव्हा कोणी कसलाही विचार करत नव्हते, वॉरंट तेवढे काढायचे राहिले होते. विलंब कैद्याने स्वतः ओढवलेला असेल, तर त्याचा लाभ त्याला मिळत नाही, म्हणून प्रत्येक अंतरापुढे जबाबदार कोण, तेही नोंदवावे. कोल्हापूरच्या गावित भगिनींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली गेली, तीही दयेच्या अर्जांवरील सरकारी दिरंगाईमुळेच.

अंतिम आदेशाचा परिच्छेद सावकाश वाचावा. पुण्याच्या निकालात दोघा दोषींना ३५ वर्षांची जन्मठेप झाली आणि भोगलेला कारावास त्यातच धरला गेला. अटक २००७ ची असल्याने हा हिशेब २०४२ पर्यंत जातो. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी हा निकाल कायम ठेवला.