इंग्रजी मोडल आणि अ‍ॅडव्हर्ब: या चुका टाळा

मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन शक्यता, क्षमता, सक्ती असा अर्थ जोडणारं सहायक क्रियापद. इंग्रजीत मुख्य मोडल नऊच आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. ती पाठ करायला फारसा वेळ लागत नाही. पण शेजारी ‘रिअली’, ‘प्रॉबेब्ली’, ‘स्टिल’ असा एखादा अ‍ॅडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण, आला की वर्षानुवर्षं इंग्रजी लिहिणारेही अडखळतात. याचं कारण बहुतेकांच्या वहीत असलेला एका ओळीचा नियम: अ‍ॅडव्हर्ब मोडलच्या नंतर लावा. ‘यू शुड ऑल्वेज चेक’, ‘शी विल सून नो’ इथवर तो ठीक चालतो. वाक्यात नकार आला की तो साथ सोडतो, आणि झटपट इंग्रजीच्या वर्गांत नेमकं हेच सांगितलं जात नाही.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा कामानिमित्त ग्राहकांना इंग्रजीत मेल लिहायचा. एका ग्राहकाने ठरलेल्या कामात ऐनवेळी आणखी एक भाग घालायला सांगितला. याला ठाम नकार द्यायचा होता. त्याने नियम आठवून लिहिलं, ‘वी कान्ट रिअली डू धिस.’ ग्राहकाने त्या वाक्याचा जो अर्थ होतो तोच घेतला: तसं जरा अवघड आहे, पण बोलून बघायला हरकत नाही. त्याने मुदत वाढवून दिली, मग जादा पैसे देऊ केले, मग वरिष्ठांशी बोलू का असं विचारलं. शेवटी स्पष्ट ‘नाही’ ऐकल्यावर तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती. ‘वी रिअली कान्ट डू धिस’ असं लिहिलं असतं तर पहिल्याच मेलला विषय संपला असता.

‘रिअली’ नकाराच्या आधी असला की नकाराला जोर चढतो. तो नकाराच्या नंतर आला की नकार त्या जोरावरच लागू होतो आणि सगळं बोलणं मऊ पडतं. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ आणि ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ यांतही हाच फरक आहे. नकार सौम्यच द्यायचा असेल तर दुसरी रचना उत्तम. पण ती जाणूनबुजून निवडलेली असावी.

‘प्रॉबेब्ली’, ‘डेफिनेटली’, ‘स्टिल’ यांनाही ‘वोन्ट’ किंवा ‘कान्ट’च्या आधीच बसायला आवडतं. ‘शी प्रॉबेब्ली वोन्ट कम.’ ‘आय स्टिल कान्ट सी इट.’ नकार नसेल तर मात्र ‘शी विल प्रॉबेब्ली कम’, ‘आय कॅन स्टिल सी इट’. मी स्वतः आधी वाक्य अ‍ॅडव्हर्बशिवाय पूर्ण लिहितो, मग अ‍ॅडव्हर्ब दोन्ही जागी ठेवून मोठ्याने वाचतो. वेळ जातो, जाऊ द्यावा. ज्यांना एवढाही धीर नाही ते तीच चूक वर्षभर करत राहतात.

दुसरी चूक मला याहून जास्त त्रास देते: एकाच वाक्यात दोन तोंडांनी बोलणं. ‘ही मे डेफिनेटली कम.’ येईलही किंवा न येईलही असं ‘मे’ म्हणतं, तर ‘डेफिनेटली’ म्हणतं नक्की येणार. ऐकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? नवशिक्यांना वाटतं, अ‍ॅडव्हर्ब जितके जास्त तितकं इंग्रजी पक्कं, म्हणून ते प्रत्येक मोडलवर एक चढवतात. आधी स्वतःला विचारा, आपल्याला किती खात्री आहे? पूर्ण खात्री असेल तर ‘विल डेफिनेटली’, बरीचशी असेल तर ‘विल प्रॉबेब्ली’, शक्यता बऱ्यापैकी असेल तर ‘मे वेल’, आणि नुसतीच शक्यता असेल तर एकटं ‘मे’ पुरतं.

‘कॅन एबल टू’ आणि ‘मस्ट हॅव टू गो’ लिहू नका. एकाच अर्थासाठी दोन शब्द झाले, एक काढा.

‘हार्डली’ म्हणजे ‘जवळजवळ नाहीच’, त्यात नकार आधीच आहे. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ म्हणा, ‘कान्ट हार्डली’ नको. आणि ‘वर्क हार्ड’मधल्या ‘हार्ड’शी त्याची गल्लत करू नका.

‘यू शुड चेक केअरफुली द लिस्ट’ चुकीचं. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घुसवायचं नाही. ‘केअरफुली’ शेवटी न्या.

लांब क्रियापदांत गोंधळ होतो तो दोन वेगळ्या कामांचे अ‍ॅडव्हर्ब एकत्र आल्यामुळे. ‘इट शुड प्रॉबेब्ली हॅव बीन प्रॉपर्ली टेस्टेड’ हे वाक्य बघा. ‘प्रॉबेब्ली’ बोलणाऱ्याचा अंदाज सांगतो, म्हणून तो ‘शुड’ला लागून आहे. ‘प्रॉपर्ली’ चाचणी कशी व्हायला हवी होती ते सांगतो, म्हणून तो ‘टेस्टेड’ला लागून आहे. असं वाक्य पुढ्यात आलं की मी पेन्सिलीने प्रत्येक अ‍ॅडव्हर्बपासून त्याच्या शब्दापर्यंत बाण काढतो.

‘यू कॅन ऑल्वेज कॉल मी’ याचा अर्थ दर वेळी फोन करा असा नाही. हवं तर फोन करता येईल, तो पर्याय खुला आहे, एवढंच.

आणि एक, जे पुस्तकी नियमवाल्यांना हमखास चुकवतं. कुणी विचारलं, ‘विल यू कम?’ तर उत्तर ‘आय विल प्रॉबेब्ली’ नव्हे, ‘आय प्रॉबेब्ली विल’. पुढचं क्रियापद गाळून वाक्य मोडलवरच संपत असेल तर अ‍ॅडव्हर्ब मोडलच्या आधी येतो: ‘आय रिअली शुड’, ‘शी ऑल्वेज कॅन’, ‘दे नेव्हर वुड’.