पोरगं आळशी नाही, या चुका टाळा

"मॅडम, पोरगं लई हुशार हाय, फक्त आळशी हाय." कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे नवे पालक आले की पहिलं वाक्य ठरलेलं.

एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलाला काय करायचं ते बहुधा माहीत असतं. अडतं ते सुरुवात करण्यात, क्रम लावण्यात, वेळेचा अंदाज बांधण्यात. ही कार्यकारी कौशल्यं ओरडून वाढत नाहीत. एडीएचडीचे अभ्यासक रसेल बार्कली यांचा ढोबळ हिशेब असा, की यात एडीएचडीची मुलं वयाच्या साधारण 30 टक्के मागे असतात. म्हणजे 12 वर्षांच्या पोराकडून 8-9 वर्षांच्या पोराइतकीच अपेक्षा धरा.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते जमायला लागल्याबरोबर आधार काढून घेणाऱ्यांवर. आठवीतला एक मुलगा रोज काहीतरी विसरायचा. चपलांच्या कपाटावर, त्याच्या नजरेसमोर, चार चित्रं चिकटवली: डबा, बाटली, डायरी, आयकार्ड. बूट घातले की एकेकावर बोट ठेवायचं, मगच दार उघडायचं. बस्तान बसलं. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून वडिलांनी कागद खरवडून काढला. "आता येतंय की त्याला. मिसरूड फुटलंय, लोक काय म्हणतील?" शाळा उघडली आणि डबा परत ओट्यावर. वर पोरालाच बोल, मुद्दाम करतोय म्हणून. हे मला सांगत असतानाच त्यांच्या मोबाईलवर गाडीच्या हप्त्याचा गजर वाजला! कागद परत लावला, फक्त कपाटाच्या दाराच्या आतून. काढायचाच तर मी एकच चित्र काढते, महिनाभर बघते, मग दुसऱ्याला हात लावते.

स्वयंपाकघरातून "दूध पी, दप्तर भर, टॉवेल वाळत घाल" असं एका दमात ओरडू नका. जवळ जा, एकच काम सांगा.

टायमरसाठी मोबाईल देऊ नका, तो रील्सवर जाऊन थांबतो. मी काट्यांच्या घड्याळाच्या काचेवर मार्करनं रेघ मारते. मोठा काटा तिथं आला की उठायचं.

वार्षिक निकालानंतरच्या सायकलचं आमिष कामाचं नाही. शाबासकी तिथल्या तिथं.

"पंधरा दिवसांत फरक पडंल न्हवं?" नाही पडणार. दर सोमवारी व्हॉट्सअॅपवरची नवी युक्ती आणली तर कधीच नाही.

आणि परीक्षेच्या सवलती दहावीच्या जानेवारीत आठवू नयेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात अडणं) दोन्ही आहेत. पण तपासणी, प्रमाणपत्र, शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज, यात महिने जातात. नववीतच मुख्याध्यापकांना गाठा.